न वापरलेलं पाणी

करडी गाडी तीन नंबरच्या शेडखाली येऊन थांबली, तशी जयू ऑफिसमधून जवळजवळ पळतच बाहेर आली.

नानाखेड्याच्या या कार वॉशमध्ये ज्याची गाडी त्यानेच धुवायची. कार्ड मशीनला लावायचं, पाण्याची गन उचलायची. कार्डावर आलेले पैसे आणि खर्च झालेलं पाणी यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासायचं काम जयूचं. ते ती इतकं मन लावून करायची की मालकसुद्धा वैतागत. एका कार्डावरून दर शनिवारी पैसे येत आणि पाणी मात्र थेंबभरही खर्च होत नसे. मशीन बिघडलं असणार असं समजून तिने प्रत्येक वेळी पैसे परत पाठवले होते. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच ती आली होती.

गाडीतून भय्यासाहेब उतरले. पन्नाशीचे, दाढी वाढलेले. त्यांनी कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, आणि ते परत गाडीत जाऊन बसले. गन जागची हललीसुद्धा नाही.

जयूने काचेवर टकटक केलं. "काका, पाणी येत नाहीये का?"

"नाही बेटा, पाणी बिलकुल ठीक आहे."

"मग धूत का नाही? मी तर मशीन खराब समजून दर वेळी रिफंड करून देते."

"रिफंड?" भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "कुठे?"

"त्याच कार्डावर. मेसेज येतो ना."

"कार्ड मंगलाचं आहे. माझ्या बायकोचं. मेसेज तिच्या मोबाईलवर जातात. म्हणूनच तर तिचं कार्ड आणतो. पैसे कटल्याचा मेसेज गेला की तिला वाटतं, गाडी धुतली."

जयूला काही कळेना. त्यांनी समोर बोट दाखवलं. बॉनेटवर शेंदराचं एक स्वस्तिक होतं, बोटाने काढलेलं. त्याचा एक हात चुकून उलट्या बाजूला वळला होता.

"मुक्ताने काढलं. आमच्या मुलीने. दसऱ्याला गाडीची पूजा मीच करायचो, या वेळी ती हटूनच बसली. दिवाळीच्या आत तापाने गेली."



"मंगला म्हणते, उलटं स्वस्तिक अशुभ, त्यानेच पोरगी गेली. पुसून टाका, मला दिसायला नको. घरातून खाली ती उतरतच नाही, गाडी बघणार कुठून? मी सांगतो, तेलात कालवलेला शेंदूर आहे, एकदम निघत नाही, अजून एकदा धुवावं लागेल. इथे येतो. पण माझ्याने होत नाही, बेटा."

जयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या चोख कामाने या माणसाच्या घरात काय पोचवलं, ते तिला आत्ता कळत होतं.

"काकू काही बोलल्या नाहीत? रिफंडचे मेसेज तर सगळे गेले असतील."

"नाही. उलट शनिवार उजाडला की कार्ड ती स्वतःच आणून हातात—"

भय्यासाहेबांची नजर हातातल्या कार्डावर गेली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गाडीच्या स्पीकरमधून मंगलाबाईंचा आवाज आला. "धुतली का हो?"

भय्यासाहेबांनी बॉनेटकडे पाहिलं. "धुतोय," ते म्हणाले. "थोडं राहिलंय अजून."

पलीकडून नुसता श्वास तेवढा येत होता.

"राहू द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "फार घासू नका. पुढच्या शनिवारी न्या परत."