मोगऱ्याच्या कुंडीतलं हिमयुग

विसर्जनाची बादली मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी करून रमाकांतराव आत आले आणि सुनेचं फोनवरचं बोलणं ऐकून दारातच थबकले.

"हो भालचंद्र सर, गाळ घरी फ्रिजमध्येच आहे. लॅबची बिजली परवापासून गुल आहे ना! प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलाय. तुम्ही फक्त या."

रिकामी बादली त्यांच्या हातून सुटली.

अंतराचा गाळ घरात सगळ्यांना पाठ होता. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापाशी समुद्राच्या तळात नळी खुपसून काढलेली ती राखाडी माती. बर्फ पुढे सरकताना जमिनीवरचे खडे ओढून नेतो, हिमनग वितळला की ते समुद्रात पडतात, आणि त्या थरांवरून बर्फ केव्हा कुठवर आला होता ते कळतं. हे सगळं तिने एकदा जेवताना वरणभातावर करून दाखवलं होतं. तिची पीएचडी त्या एका गोळ्यावर अडली होती. दुसरा हवा तर जहाज पुन्हा दक्षिण ध्रुवाकडे जायला हवं.

गावाचा श्रावण केव्हाच लागला होता, पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांचा श्रावण पंधरवडाभर मागून येतो. आज त्यातला पहिला सोमवार. पार्थिव शिवलिंगाला माती हवी म्हणून रमाकांतरावांनी सकाळी फ्रिज उघडला, तर प्लास्टिकात गुंडाळलेला राखाडी गोळा. सून किती समंजस, वाळू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवली! लिंग झालं, दूध-दही-मध झालं, विसर्जन झालं.

अंतरा आपल्या पीएचडीच्या गाईडना, भालचंद्र सरांना, आणायला स्टेशनवर गेली. रमाकांतराव चप्पल न घालताच शेजारी शिवाजीरावांकडे धावले.

"आख्खा अंटार्क्टिका कुंडीत ओतलात?"

"हळू बोला हो!"

"आता मोगऱ्यावर पेंग्विन बसणार, पंडितजी."

"शिवाजीराव, पोरीची इतकी वर्षं पाण्यात गेली. कोणत्या तोंडाने सांगू तिला?"

शिवाजीरावांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, त्यामुळे संकट कुठलंही असो, ते आधी मोहीम काढत. त्यांनी रमाकांतरावांच्या घरात शिरून थेट फ्रिजवर चाल केली. खालच्या कप्प्यात पालकाच्या जुडीखाली आणखी एक राखाडी गोळा निघाला.

"अहो, अंतरा पूजेची माती आणणार म्हणाली होती," रमाकांतरावांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "हीच ती. तुम्ही सकाळी भलतीच उचललीत."

"तो फिर टेन्शन कसलं?" शिवाजीराव म्हणाले. "हीच द्या खपवून गाळ म्हणून."

"देवासाठी आणलेली माती लबाडीला वापरू? शिव शिव!"

रमाकांतरावांनी तिथल्या तिथे दुसरं लिंग केलं, वर बेलाचं पान ठेवलं, चुकीची क्षमा मागितली आणि ते बादलीत पार विरघळवून टाकलं. मोगऱ्याला पुन्हा एकदा खुराक मिळाला.

मग स्कूटरवरून दोघे नई सडकेपलीकडच्या कुंभाराकडे गेले.

"मूर्ती बनाओगे, बाबूजी?"

"नहीं भैया," शिवाजीराव म्हणाले, "समंदर."

घरी येऊन रमाकांतरावांनी माती मळली. समुद्राची म्हणून मीठ घातलं. शिवाजीरावांनी बोटभर चाटून पाहिलं. "अजून चिमूटभर लागेल." गल्लीतल्या बांधकामाच्या ढिगातले बारीक खडे आणून तेही खुपसले. बाहेर कुठलीही रिक्षा थांबली की रमाकांतराव मातीवर पंचा टाकायचे. गोळा प्लास्टिकात गुंडाळून, पालकाखाली सरकवून ते वळले आणि बेल वाजली.

भालचंद्र सरांनी चहाही घेतला नाही. अंतराने पुढे ठेवलेल्या गोळ्यावर भिंग धरलं. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. रमाकांतरावांनी मनात शंकराला हाक मारली.

"समुद्र!" सर म्हणाले. "आणि हे खडे बघ, किती टोकदार! अंतरा, बर्फ आपल्या अंदाजाच्या कितीतरी पुढे आला होता. हे छापून येणार!"

शिवाजीरावांना एकदम ठसका लागला. राजलक्ष्मीबाई साखर आणायला आत पळाल्या. रमाकांतरावांना मात्र सकाळपासून पहिल्यांदा धड श्वास घेता आला. पोरगी वाचली. भोळा शंकर पावला.

अंतरा डोळे पुसत आली आणि त्यांच्या पाया पडली.

"बाबा, तुमचाच आशीर्वाद. आणि सकाळची पूजा नीट झाली ना? तुमची माती मी मुद्दाम समोरच ठेवली होती. माझा गाळ खाली पालकात दडवला, म्हटलं चुकूनसुद्धा तुमचा हात लागायला नको."