बंदुकीवरचा दुसरा हात

"कानस खाली ठेवा, ऑरिन!"

विल्डा दारातूनच ओरडली. हातातलं कॉर्नब्रेडचं भांडं तिने जवळच्या फळीवर आदळलं.

डॅडींना पुरून महिनाही झाला नव्हता, आणि त्यांचा जन्माचा मित्र ऑरिन त्यांच्याच कामाच्या बाकापाशी बसला होता. डॅडींनी आजारपणात घडवलेला बंदुकीचा चाप, म्हणजे बार पेटवणारा सगळा संच, त्याने व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला होता. गारगोटी जिच्यावर आपटून ठिणगी पडते ती पोलादी झडप उतरवून ठेवली होती. खालच्या, पेटवणीची दारू भरायच्या रंजकाच्या वाटीवर खडूची रेघ मारली होती. आता वाटी घासून टाकायची, भोकं बुजवायची, की झाली गारगोटीची बंदूक टोपीची, म्हणजे दारूच्या इवल्या तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी.

शेजारी ऑरिनच्या घराण्यातली जुनी ठासणीची बंदूक पडली होती. तीही एके काळी गारगोटीची होती. पुढे कुणीतरी तिची वाटी घासून टोपीची केलेली.

"हिचीच नक्कल आहे ही," ऑरिन जुन्या बंदुकीवर हात ठेवून म्हणाला. "आधी गारगोटीची पुरी घडवायची, मग मोडायची. त्याशिवाय खरी दिसत नाही."

"डॅडी असल्या बंदुकांना नाककापी म्हणायचे! उभ्या वेस्ट व्हर्जिनियात असा चाप दुसऱ्या कुणाला जमला नाही. तो तुम्ही त्यांच्या माघारी खरवडणार? लाज वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर अजून कानस लावली नाही."

"आणि व्हाइस का हलवलात? दिवा त्या बाजूला कशाला? माणूस गेला नाही तोवर त्याची जागा उचकटायची!"

व्हाइस कायम बाकाच्या डाव्या टोकाला असायचा; आता तो आणि दिवा दोन्ही उजवीकडे होते. लहानपणी ती त्याच्याजवळ घुटमळायची आणि डॅडी तिला हुसकून लावायचे. "डावरे, बोट तोडून घेशील. इथलं सगळं उजव्या हाताचं आहे." ऑरिनची पोरं इथेच शिकली. तिने मात्र कधी कानस उचलली नाही. तो राग आता कुणावर काढायचा? समोर ऑरिन होता.

"ओरडून झालं असेल तर इकडे बघ." ऑरिनने जुनी बंदूक दिव्याखाली सरकवली. जिथली वाटी घासली होती तिथे कानशीचे तिरपे ओरखडे होते. "हे ओरखडे जमेनात तुझ्या बापाला. तो सरावाच्या लोखंडी पट्ट्यांचा ढीग बघ. वाट्टेल तशी कानस धरून पाहिली, पण सगळे उलट्या बाजूला कलतात. माझेही तसेच. मग एक दिवस स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाला, अरे, हे काम करणारा डावखुरा होता!"

विल्डाने एक ओरखडा नखाने चाचपला. पण हार मानायची तिची तयारी नव्हती.

"म्हणून तुम्ही व्हाइस हलवलात?"

"मी? माझ्या पाठीला पाण्याची बादली उचलवत नाही, पोरी. त्यानेच हलवला, हॉस्पिटलात जायच्या आधी. मला म्हणाला, झडप उतरव, रेघ मार, आणि विल्डा येऊन बोंब ठोकेपर्यंत हात लावू नकोस."

ऑरिनने कानस मुठीच्या बाजूने तिच्यापुढे धरली.

"आणि हे मला तोंडाने सांगायला काय झालं होतं त्यांना?" तिचा आवाज फाटला. "इतकी वर्षं!"

"तुझा बाप हार्मन? तोंडाने?" ऑरिन एवढंच म्हणाला आणि बाकापासून उठला.

विल्डा बसली. तिने कानस डाव्या हातात धरली आणि खडूच्या रेघेवर टेकवली. दिव्याचा उजेड उजवीकडून येत होता. चापावर तिच्या हाताची सावली पडत नव्हती.