नऊ घरांचं स्पेलिंग

साहेबांनी आधी चोर ठरवला, मग चोरी शोधायला घेतली. ही त्यांची जुनी खोड.

"कॉपी केलीय तुम्ही, बाई." हातातला पेपर त्यांनी वर्षाराणीच्या नाकासमोर नाचवला.

कोल्हापूरच्या ट्रेनिंग हॉलमध्ये अडतीस आशाताई बसल्या होत्या. त्यातल्या एकीला बाकीच्यांच्या कामावर देखरेख करायला नेमायचं होतं, आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी असलेले साहेब त्यासाठी परीक्षा घेत होते. पेपरात आजारांची नावं इंग्रजीत लिहायची होती. जुलाबाला कुणी डायरी लिहिलं होतं, कुणी डेअरी. बारावीच्या इंग्रजीत दोनदा आपटून तिसऱ्यांदा सुटलेल्या वर्षाराणीनं तेवढं 'डायरिया' अक्षर न अक्षर बरोबर लिहिलं होतं. ते बरोबर आहे, हे साहेबांनाही मोबाइलात बघूनच कळलं होतं.

"पेपर रद्द करतोय."

वर्षाराणी चार वर्षं या जागेची वाट बघत होती. गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. पदर खोचून उभी राहिली.

"कॉपी न्हाय केली, साहेब. आमच्या गल्लीतनं मनातल्या मनात चालत गेलो."

हॉलमध्ये खसखस पिकली.

तिनं डोळे मिटले, बोट हवेत धरलं. "पयलं दार दानेश्वरीचं, डी. मग इंदुबाई, आय. अंबूबाई, ए. पुढं रावसो आन् रंगराव. सख्खं भाऊ, पर एका चुलीवर जेवत न्हाईत, म्हणून आर दोनदा."

"आन् पुढलं दार कुणाचं गं?" मागनं एकजण ओरडली.

"हिंदुरावाचं, एच. दार उघडतोय, पर तोंड उघडत न्हाय. म्हणून एच असतोय, ऐकू येत न्हाय! मग ओंकार, एकनाथ, आन् शेवटाला आक्काताई. नऊ घरं, नऊ अक्षरं."

सगळ्याजणी टाळ्या पिटून हसल्या. साहेबांनाही हसू आवरलं नाही. त्यांनी पेपरावरची फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि मोठ्या मनानं विचारलं, "डोकं आहे तुम्हाला. पण गल्लीतली नेमकी हीच घरं कशी निवडली?"

वर्षाराणीनं डोळे उघडले.

"मी कुठं निवडली? जत्रंच्या आठवड्यात गटारीचं पाणी नळाच्या फुटक्या पायपात शिरलं, तवा चौदा घरं जुलाबानं आडवी झालती. नऊ स्पेलिंगात बसली, पाच शिल्लक हायत. रोज दोन येळा ओआरएस घिऊन हिंडलो, त्यात पाठ झालं. तवापास्नं तीन अर्ज तुमच्या टेबलावर हायत, साहेब. मराठीत हायत, स्पेलिंग बघायची गरज न्हाय. पाईप कवा बदलताय, तेवढं सांगा."