वाहून गेलेलं अस्वल

"हिवाळाभर अस्वलं झोपतात. मग बेकरी चालवतं कोण?"

तपासनीस कुजबुजला, म्हणजे आपण कुजबुजलो असं त्याला वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोन माना गर्रकन मागे वळल्या.

इमारतींच्या लिफ्ट तपासणं हा त्याचा धंदा. त्यामुळे मुलीची आई मनातल्या मनात त्याला तपासनीसच म्हणायची. पुढच्या महिन्यात तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं, आणि मुलीला घेऊन तिघं पहिल्यांदाच सिनेमाला आली होती. "काही नाही, फक्त मुलीबरोबर हसा," असं तिने त्याला बजावून आणलं होतं. हा बाबा अजून एकदाही हसला नव्हता.

पडद्यावर नदीकाठचं गाव होतं. टोपी घातलेलं अस्वल केक भाजत होतं, वाघ टपाल वाटत होता, हरिणी शाळेत शिकवत होती, आणि सगळी कशी गुण्यागोविंदाने नांदत होती.

"तो वाघ डब्यात काय नेतो, ते दाखवा म्हणावं एकदा," तपासनीस म्हणाला. "शाळेत रोज एखादं कोकरू गैरहजर असणार."

दोघांच्या मधे बसलेली मुलगी फिस्सकन हसली. मग तीच त्याच्या कानाशी गेली. "आणि काका, मासे बघितलेत? नदीतले मासे अस्वलाशी बोलतात. तरी रात्री ते मासेच तळतंय!"

"शाबास! शेजाऱ्याला तळायचं आणि वर गाणं म्हणायचं. नालायक लेकाचा!"

"अहो, लहान मुलांचा सिनेमा आहे," पुढची बाई फणकारली.

"मग लहान मुलं काय बिनडोक असतात?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कल पाजळायला ह्याला हाच बाजार सापडला! पण मुलगी त्याच्याकडे टकामका बघत होती. कुणाकडे असं बघताना आईने तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि मग पडद्यावर पूर आला. पिल्लांना वाचवायला अस्वल पाण्यात शिरलं आणि लाटेबरोबर दिसेनासं झालं.

आईने पोस्टर बघून तिकिटं काढली होती. पोस्टरवर नुसता केक होता. पुराचा त्यात थेंबही नव्हता. तिचा नवराही असाच पुरात गेला होता, दुसऱ्या कुणाला बाहेर काढताना. सापडला नव्हता. सासूबाई अजून म्हणायच्या, "येईल हो एक दिवस." नातीलाही तेच सांगायच्या. आई त्यावर हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. भाजीत मीठ बरं आहे का, एवढंच विचारायची.

तपासनीसाला हे सगळं ठाऊक होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसला. आता काहीतरी कुचकं बोल रे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

बर्फ पडला, वितळला, झाडांना फुलं आली, आणि एका सकाळी अस्वल बेकरीच्या दारात उभं राहिलं. धडधाकट. डोक्यावर टोपीसकट. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढची बाई नाक शिंकरायला लागली.

मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"काका," तिने चांगलं मोठ्याने विचारलं, "एवढ्या पाण्यात ते मेलंच असतं ना?"

तपासनीसाने तिच्या डोक्यावरून आईकडे पाहिलं. सिनेमाभर एक शेपूट त्याने सोडलं नव्हतं. आता त्याने गुडघ्यावरचा हात उचलून तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"अगं, अस्वलांना पोहता येतं," तो म्हणाला. "आणि... येतात कधी कधी परत. काय सांगावं?"

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. काटा मारताना पकडलेल्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकाने बघावं, तशी. मग तिने खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही पण आजीसारखेच निघालात."

त्याने आपल्याला वाचवलं, म्हणून आईला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला शिसारी आली. त्याची, त्या टोपीची, पण सगळ्यात जास्त स्वतःची.

मुलगी आता तिच्याकडे वळली. "आई, बाबा परत येणार असेल तर तू काकांशी लग्न कसं करणार? दोघं झोपणार कुठे?"

पुढच्या बाईने नाक शिंकरणं थांबवलं.

आईच्या जिभेवर उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. मोठी झालीस की कळेल. घरी गेल्यावर बोलू. तिने तोंड उघडलं, आणि त्यातलं एकही बाहेर येईना.

"येणार नाही," ती म्हणाली. "बाबा बुडाला. मेला तो. आजीला म्हणवत नाही, आणि मी... मी भित्री आहे." मग, तेवढंही पुरेसं नाही असं वाटून, "मेलंच असतं ते अस्वल. पहिल्याच लाटेत."

तपासनीसाने मान खाली घातली.

मुलीचा चेहरा वेडावाकडा झाला, पण ती रडली नाही. उलट चिडली.

"मग सांगायचं ना! मी रोज रात्री उठून दाराची कडी काढून ठेवते."

रोज सकाळी आईला कडी निघालेली दिसायची, आणि रोज सकाळी ती सासूबाईंच्या विसरभोळेपणावर खेकसायची.

पडद्यावर वाघ, हरिणी, मासे, सगळं गाव बेकरीभोवती गोळा झालं होतं. बँड वाजायला लागला. मुलीने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं आणि ती उठून उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "आता नुसती नाचणार आहेत ती."