पाचावरचा फिल्टर

लेक विब्के दर दुसऱ्या शुक्रवारी आईच्या घरून ब्रेमेनला यायची ती न्यूटसाठीच, हे योखेनला ठाऊक होतं. म्हणून या वेळी त्याने टाकी घासून काढली आणि फिल्टरचं बटण एकवरून पाचावर नेलं. पाणी आरशासारखं झालं. सरड्याएवढा, पाण्यात राहणारा तो जीव मात्र तेव्हापासून टाकीतल्या लाकडावर चढून बसला होता. “तुझीच वाट बघतोय,” योखेन दारातच म्हणाला. विब्के दप्तरासकट टाकीपाशी धावली. “वाट कसली, पप्पा! पाण्याच्या जोराला घाबरून वर पळालाय. कातडी बघ कशी सुकलीय. एकवरच ठेव म्हटलं होतं ना?” तिने बटण फिरवलं. प्रवाह मंदावला, न्यूट हळूच पाण्यात उतरला. “झालं ना आता?” त्याने विचारलं. “हो. पण मी त्याला आईकडे नेते.” झाकणाचा डबा समोरच होता, तरी शोधायला योखेनला फार वेळ लागला.