थानासिसची झोप

शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी धपकन बसलं म्हणून लेफ्तेरिसने खिडकीतून मान वळवली, तर तो त्याचा सख्खा मोठा भाऊ होता. थानासिस. दोघांनीही एकदमच नजर फिरवली.

सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. लेफ्तेरिस ग्रीसमधल्या थेसालोनिकीहून निघाला होता, थानासिस कालामाताजवळच्या त्यांच्या गावाहून. दोहाला विमान बदलून दोघेही मेलबर्नला चालले होते. तिकडे ख्रिसूला नावाची त्यांची बहीण अंथरुणाला खिळली होती आणि दोन्ही भावांना तिला एकदा बघायचं होतं. तिकिटं भाचीने काढली होती. "मामा, जागा मी मुद्दाम बघून घेतलीय हां," असं ती फोनवर म्हणाली होती. तिचं ते 'मुद्दाम' लेफ्तेरिसला आत्ता कळलं.

विमान गच्च भरलं होतं. जागा बदलून मिळेना. थानासिसच्या पलीकडची मुलगी डोक्यावरून पांघरूण ओढून केव्हाच झोपून गेली. जेवण झालं, दिवे मंद झाले.

थानासिसला स्वतःच्या पलंगाखेरीज कुठे झोप आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून सुनेने झोपेचा सगळा संसारच त्याच्याबरोबर बांधून दिला होता. गळ्यात घालायची उशी, डोळ्यांवर बांधायची पट्टी, जाड लोकरी मोजे. ते सगळं चढवून तो लढाईला बसल्यासारखा ताठ बसला. पण उशीचा फुगीर भाग मानेमागे येऊन डोकं पुढे ढकलत होता. डुलकी लागली की हनुवटी छातीवर आपटायची आणि तो दचकून उठायचा. मग या कुशीवर, मग त्या. दर वेळी त्याचं कोपर लेफ्तेरिसच्या बरगडीत बसत होतं.

लेफ्तेरिसने अर्धं आयुष्य मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढलं होतं. खाली इंजिन धडधडत असताना, बाहेर वादळ असताना तो लाकडासारखा झोपायचा. आज मात्र त्याचाही डोळा लागत नव्हता.

आई गेली तेव्हा तो ब्राझीलच्या बंदरात होता. "निघालोय. उद्या पोचतो. माझ्यासाठी थांबा," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. ऑगस्टचा महिना होता. तो पोचला तेव्हा अंगणात बायका कॉफीचे कप विसळत होत्या आणि आई आदल्या संध्याकाळीच मातीआड झाली होती.

"एक रात्र थांबता आलं नाही तुला?" साऱ्या गावादेखत तो भावावर ओरडला होता.

"आईसाठी तुला आज सवड झाली होय रे?" थानासिसनेही तितक्याच जोरात विचारलं होतं.

लेफ्तेरिस फाटकातूनच मागे वळला, तो परत त्या घरी गेला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी गावचा एक मासेवाला त्याला भेटला. त्याने सांगितलं, आई गेली त्या दिवशी थानासिसने त्याच्याकडचा होता नव्हता तेवढा बर्फ उचलला होता. दुपारपर्यंत तो बर्फ वाहत होता, फोडत होता, आईच्या अंगाशी रचत होता. बर्फ संपला, ऊन संपेना. शेवटी पाद्रीबाबांनी हात धरून त्याला थांबवलं. हे ऐकूनही लेफ्तेरिसने भावाला फोन केला नाही. रोज उद्या करू म्हणायचा. अबोला जुना झाला की तो मोडायची लाज वाटते.

शेजारी थानासिस कण्हला. मान धरून बसला होता. त्या अंधुक उजेडात लेफ्तेरिसला ती मान दिसली. वाळलेली, शिरा वर आलेली. केवढा म्हातारा झाला हा!

"मान पुढे कर," तो म्हणाला.

थानासिसने मान पुढे केली. लेफ्तेरिसने उशी काढून उलटी फिरवली, फुगीर भाग हनुवटीखाली आणला. स्वतःच्या पांघरुणाची घडी करून भावाच्या कमरेमागे सारली. दोन खुर्च्यांमधला हात वर उचलला.

"आता टेक."

थोड्या वेळाने थानासिसचं डोकं हळूच कलंडलं आणि लेफ्तेरिसच्या खांद्यावर विसावलं. लेफ्तेरिस हलला नाही. हाताला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला. तरी तो हलला नाही. भावाच्या डोळ्यांवर पट्टी होती, श्वास संथ चालला होता. तेव्हा कुठे लेफ्तेरिसला बोलायचा धीर झाला.

"बर्फाचं मला कळलं होतं," तो पुटपुटला. "केव्हाच कळलं होतं. तू केलंस ते बरोबर केलंस. मी असतो तर तेवढंही झालं नसतं माझ्याने."

विमान एकसुरात घुमत राहिलं. थानासिसने नुसता एक दीर्घ श्वास सोडला आणि त्याचं डोकं आणखी जड झालं.

दिवे लागले, नाश्त्याची गाडी खडखडत आली, तेव्हा थानासिस घोरत होता. लेफ्तेरिसने दुसऱ्या हाताने त्याला हलवलं. त्याने पट्टी वर सरकवली, डोळे चोळले, खिडकीबाहेरचं ऊन पाहिलं.

"काय दादा," लेफ्तेरिसने विचारलं, "लागली का झोप?"

"लागली ना," थानासिस म्हणाला. "तुझं बोलून झाल्यावर."