बदकाचा स्वेटर

"म्हणजे तुम्हीच 'रानवाट'?" काकांनी विचारलं. रसिकाच्या आधी त्यांच्या बायकोनंच उत्तर दिलं, "दुसरं कोण येणारे मरायला या झुडपात?"

चेण्याच्या ओढ्याकाठी, झाडाच्या मुळांत दडवलेल्या प्लास्टिकच्या डब्यापाशी तिघं उभी होती. रसिका नवा कुर्ता घालून आली होती. आता तिला त्या कुर्त्याची लाज वाटत होती. दोन वर्षं ज्याच्याशी ती ॲपवर दोन-दोन ओळी बोलत होती तो 'दर्यावर्दी' म्हणजे भाईंदरचे काशीनाथकाका. माकडटोपी, हातात पिशवी, मागे हंसाकाकू.

"आणि हे मला सांगत होते, कोणीतरी रिटायर्ड मास्तर असेल," काकू म्हणाल्या. "चांगली बाई निघाली!"

खेळ तसा सोपा. लोक रानात, किल्ल्यांवर डबे लपवतात, जागा फोनवर देतात, बाकीच्यांनी शोधायचे. काही डब्यांत प्रवासाला निघालेल्या वस्तू असतात, गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवलेल्या. उचललीत तर नोंद करा, पुढच्या डब्यात सोडा, घरी ठेवून घेऊ नका. एवढीच रीत. प्रागमधल्या एका शाळकरी मुलीचं लाकडी बदक असंच हातोहात इथवर आलं होतं. त्याला हिमालय बघायचा होता.

पण मीरा-भाईंदरमध्ये हे खूळ असलेली माणसं दोनच. रसिकाने बदक चेण्याला ठेवायचं, काकांनी ते उत्तनच्या डोंगरावर न्यायचं, तिने तिथून परत चेण्याला आणायचं. हिमालयाला निघालेलं बदक दोन वर्षं उत्तन-चेणे करत राहिलं. 'बदक पोचलं. इकडे वारा फार.' 'सर्दी सांभाळा. बदकाची नव्हे, तुमची.' बेव्हर्ली पार्कातल्या तिच्या सोसायटीचा ग्रुप रोज सकाळी ढीगभर फुलं पाठवतो. बाई जिवंत आहे का, हे त्यातला एक जण विचारत नाही. गाडी चुकीच्या जागी लागली की मात्र सगळ्यांना तिचा फ्लॅट नंबर पाठ.

मागच्या आठवड्यात प्रागच्या त्या मुलीचा दोघांनाही मेसेज आला. तुम्ही दोघं मजेत खेळताय, पण आता त्याला पुढे जाऊ द्याल का? त्यावर काकांनी रसिकाला लिहिलं, रविवारी चेण्याला भेटू या. रसिकाने ती ओळ इतक्यांदा वाचली की तिला स्वतःचाच राग आला होता.

"आम्ही चाललोय देहरादूनला, मुलाकडे," काका म्हणाले. "कायमचे."

"कायमचे काय कायमचे? सून किती दिवस ठेवते बघू आधी."

"म्हटलं, बदकाचंही काम होऊन जाईल. मसुरीवरून बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे."

काकूंनी पिशवीतून काहीतरी काढून तळहातावर धरलं. लाल लोकरीचा स्वेटर, अंगठ्याएवढा. "यांचे चाळे. मला मापं काढून दिली. म्हणे, थंडीत पाठवायचंय लेकराला."

काकांनी हात पुढे केला. "द्या."

बदक रसिकाच्या पर्समध्ये होतं. कालच तिने ते उत्तनच्या डब्यातून उचललं होतं. नोंद केली नव्हती.

"नव्हतं," ती म्हणाली. "उत्तनच्या डब्यात बदक नव्हतंच, काका."

तिला वाटलं, आता हे शोधायला निघतील. तुम्हीही चला म्हणतील. जाणं चार दिवस तरी लांबेल. एकटं राहून राहून माणसाची अक्कल अशी गंजते.

काका शोधायला निघाले नाहीत. ते दगडावर बसले, टोपी काढली. "झाकण मीच नीट लावलं नसणार. माकडं होती त्या दिवशी." मग खिशातून फोन काढून चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक अक्षर दाबत काहीतरी लिहायला लागले.

"काका, राहू द्या ना. नंतर लिहा."

"नाही नाही. पोर वाट बघत असेल."

"चलो काका, कितना टाइम!" रस्त्यावरून रिक्षावाला ओरडला.

"उठा," काकू म्हणाल्या. "गाडी उद्याची आणि बॅगा अजून तोंड वासून पडल्यात." जाता जाता त्यांनी स्वेटर रसिकाच्या हातात कोंबला. "घे बाई, तूच ठेव. एवढ्या मापाचं आमच्याकडे कोणी नाही."

रसिकाचा फोन वाजला. काकांनी त्या मुलीला लिहिलेलं तिलाही आलं होतं. 'बदक हरवलं. चूक माझी आहे. रानवाटचा काही दोष नाही.'

रिक्षा अजून वळत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने तोंड उघडलं, आणि काय सांगायचं ते आठवून मिटलं. रिक्षा घोडबंदर रोडला लागली.

मग तिने पर्समधून बदक काढलं आणि त्याला स्वेटर चढवला. बरोबर बसला. गळ्यापाशी मात्र वीण चुकल्यासारखी दिसत होती. तिने बोटाने चाचपून पाहिलं. चुकली नव्हती. काकूंनी तिथे मुद्दाम भोक ठेवलं होतं, बिल्ला बाहेर काढायला. पुढच्या माणसाला नंबर दिसावा म्हणून.